माळ्यावरच्या इस्त्र्या आणि एक तांब्याची 'घंटा' : ओळखायला मदत हवी

मेणवलीकर
नमस्कार मंडळी. वाईचं आमचं जुनं घर आता विकायचं ठरलंय. माळा उतरवताना एका पत्र्याच्या पेटीत कपड्यांशी संबंधित बरंच सामान निघालं. पणजोबा पाचगणीच्या साहेबलोकांच्या बंगल्यांचं सुतारकाम करायचे. साहेब परत जाताना सामानाचे लिलाव व्हायचे, त्यातून त्यांनी काहीबाही आणलं होतं, एवढंच आजीकडून ऐकलंय. फोटो खाली दिलेत.

१. पितळी कोळशाची इस्त्री. लाकडी मूठ. झाकणाच्या कडीवर छोटा कोंबडा.
२. बिडाची भरीव इस्त्री. वर उठावात 'सिडन्स, वेस्ट ब्रॉमविच' आणि ५ हा आकडा.
३. आणखी एक बिडाची, पण हिला मूठच नाही, आणि पुढून-मागून दोन्हीकडे टोक आहे.
४. निळ्या एनॅमलची इस्त्री, मागे चेंडूएवढा धातूचा गोळा.
५. क्रीम रंगाची, चिनी मातीची वाटते अशी विजेची इस्त्री. त्यावर चक्क 'हिज मास्टर्स व्हॉइस' लिहिलंय!
६. तांब्याची घंटेसारखी वस्तू. वर लाकडाचा तुटका तुकडा अडकलाय. ही इथे का ठेवली होती, कळत नाही.

भाऊ म्हणतो सगळं मोडीत घालू. माझं मन होत नाही. ही काय काय आहेत, कुठल्या काळातली, आणि घासूनपुसून चकचकीत करावीत की आहेत तशी ठेवावीत?

चिंचगूळ
पहिल्यांदा मोडवाल्याचा नंबर भावाच्या फोनमधून उडवा.

सहावी वस्तू म्हणजे भाताची मूद पाडायचा साचा. पंगत बहुतेक घटोत्कचाची होती.

भंगारप्रेमी
नाही हो, घंटाच आहे. लोलक कुणीतरी नेलाय.

तांबटआळी
घंटा नाही. घंटा तांब्याची करत नाहीत, काशाची करतात. तांब्याला नाद येत नाही. शिवाय फोटोत कडेची दुमड दिसतेय ती पत्रा वळवून केलेली आहे, ओतीव नाही. मेणवलीकर, आत हात घालून बघा आणि आतून फोटो टाका.

इस्त्र्यांबद्दल लिहितो. पहिली पितळी. असल्या इस्त्र्या आजकाल शोभेसाठी नव्या ओततात, मुरादाबादच्या बाजूला पितळकाम मोठं आहेच, आणि काही दुकानदार त्याच 'ब्रिटिशकालीन' म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात. त्यामुळे आधी खरीखोटी बघू. इस्त्री उलटी करा. वापरलेल्या इस्त्रीच्या तळावर बारीक रेघा असतात आणि त्या सगळ्या लांबीच्या दिशेने जातात, कारण हात तसाच फिरतो. नव्यावर पॉलिशच्या चाकाच्या गोल किंवा आडव्या रेघा दिसतात. मग झाकण उघडा. आत निखारे राहायची जागा काळी, खवल्याखवल्यांची झालेली असेल, बिजागरीच्या खाचेत राख घट्ट बसली असेल, तर ती कामाची इस्त्री. राखेचा तो थर कुणी मुद्दाम चिकटवू शकत नाही. तिसरं, स्क्रू. अधिकच्या चिन्हाचा स्क्रू दिसला की एकतर इस्त्री नवी, नाहीतर दुरुस्ती नवी. जुन्याला रिव्हेट असतात किंवा एका खाचेचे स्क्रू. आणि चौथं वजन. शोभेच्या इस्त्रीचा तळ पातळ असतो. तिने शर्टाची कॉलर बसणार नाही.

चुंबकही लावा. चिकटलं तर लोखंडावर पितळेचा मुलामा आहे.

मेणवलीकर
तांबटआळी, मनापासून धन्यवाद. बघितलं: रेघा लांबीच्याच आहेत, चुंबक चिकटत नाही, राख आहे. मुठीच्या उजव्या अंगाला अंगठ्याएवढा खोलगट भाग झिजलाय. कुणीतरी ही वर्षानुवर्षं चालवली आहे.

रसिका_मालवण
तो अंगठ्याचा खळगा वाचून गलबललं. आमच्या आजीच्या इस्त्रीला अगदी तसाच आहे. ती नारळाच्या करवंट्या जाळून त्यांचे निखारे घालायची. करवंटीचा कोळसा कडक, तडतड कमी, ठिणग्या कमी. लाकडी कोळशाची ठिणगी उडाली की पांढऱ्या सदऱ्यावर भोक ठरलेलं. पेटवल्यावर इस्त्री अंगणात नेऊन हाताने मागेपुढे झुलवायची, म्हणजे खालच्या भोकांतून वारा जाऊन निखारे फुलतात आणि वरची राख उडून जाते. मग केळीच्या पानावरून एकदा फिरवायची. तळ साफ होतो आणि कापडावर सरसर चालते. पान चरचरलं नाही तर अजून तापलेली नाही, पान लगेच काळं पडलं तर थांबायचं. तो भाजल्या पानाचा वास आणि खळीचा वास एकत्र आला की उद्या कुणाचंतरी लग्न आहे असं वाटायचं.

धातुशास्त्री
कोंबड्याबद्दल. कडीवर कोंबडा असलेली पितळी इस्त्री ही इंडोनेशियाची खास ओळख आहे. तिकडे तिला कोंबड्याच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडच्या बऱ्याच इस्त्र्यांना साधी खिट्टी किंवा फिरवायची गोल मूठ असते. म्हणून तुमची क्रमांक १ जावा-सुमात्राकडून आलेली असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

रसिका_मालवण
इतक्या लगेच जावाला पाठवू नका. आमच्या गावातली निम्मी माणसं बोटीवर कामाला होती. सिंगापूर, बटाव्हिया (म्हणजे आजचं जकार्ता), कुठून कुठून वस्तू यायच्या आणि इथला ओतारी ती समोर ठेवून तशीच दुसरी ओतायचा. कोंबडा तिकडचा आणि पितळ इकडचं, असं का नसेल?

धातुशास्त्री
मुद्दा मान्य. साचा घेऊन पुन्हा ओतलेली वस्तू ओळखायची एक खूण आहे. पितळ थंड होताना आकसतं. मूळ वस्तूवरून साचा केला की प्रत थोडी लहान निघते आणि तिचं बारीक काम बोथट होतं. मेणवलीकर, कोंबड्याची पिसं आणि तुरा नखाला स्पष्ट लागतात का बघा. गुळगुळीत ढेकूळ असेल तर प्रत असायची शक्यता. अर्थात वापराने झिजून गुळगुळीत झालेलं वेगळं. ते फक्त हात लागतो तिथेच झिजतं, चोचीखाली झिजत नाही.

भंगारप्रेमी
वा! हे चोचीखालचं लक्षात ठेवतो. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर उभा राहून मीही आता चोचीखाली नख घालून बघणार.

तांबटआळी
क्रमांक २ आणि ३ राहिल्या.

वेस्ट ब्रॉमविच हे इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळचं ओतकामाचं गाव. सिडन्स आणि केनरिक हे तिथले दोन मोठे कारखाने. केनरिकची सुरुवात १७९१ ची. दोघांच्याही बिडाच्या इस्त्र्या साम्राज्यभर गेल्या, त्यामुळे आपल्याकडे दर दहा जुन्या पेट्यांत एखादी निघतेच. लोक ५ म्हणजे पाच पौंड समजतात. तसं नाही. तो मापाचा क्रमांक आहे, आकडा मोठा तशी इस्त्री मोठी, एवढंच. वजनकाट्यावर ठेवून बघा.

काळ ठरवायला 'आरडी नंबर', म्हणजे नमुन्याच्या नोंदणीचा क्रमांक, असं काही कोरलंय का शोधा. ब्रिटिश नोंदणीत १८४२ ते १८८३ पर्यंत हिऱ्याच्या आकाराची खूण असायची, तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांत वर्ष-महिना दडलेला असतो. १८८४ पासून सरळ चढते आकडे सुरू झाले आणि १९०० उजाडताना ते साडेतीन लाखांवर पोचले होते. म्हणजे आकडा वाचता आला की नमुन्याची नोंद कधी झाली ते कळतं. पण ध्यानात ठेवा, ते वर्ष नमुन्याचं. ओतकाम त्यानंतर कितीही वर्षं चालू राहू शकतं.

क्रमांक ३ मला तुमच्या पेटीतली सगळ्यात हुशार वस्तू वाटते. दोन टोकांची, मूठ नसलेली म्हणजे मिसेस पॉट्सची इस्त्री. मेरी फ्लॉरेन्स पॉट्स ही अमेरिकेत आयोवा राज्यात राहणारी बाई. सुटी होणारी लाकडी मूठ असलेल्या इस्त्रीचं पेटंट तिने १८७१ साली घेतलं. भरीव इस्त्री चुलीवर तापवली की मूठही तापते, मग चिंधी गुंडाळून धरावी लागते. हिच्या युक्तीत मूठ चुलीवर जातच नाही. तीन तळ आणि एक मूठ असा संच मिळायचा: एक तळ हातात, दोन चुलीवर. गार झाला की मूठ काढायची, दुसऱ्याला अडकवायची. दोन्हीकडे टोक असल्यामुळे उलटसुलट कशीही ढकलता येते. पुढे अनेक कारखान्यांनी हिच्या नकला केल्या. पेटीच्या तळाशी अर्धगोल लाकडी मूठ आणि बाकीचे तळ आहेत का, पुन्हा शोधा.

सुलभाताई_दापोली
किती सुंदर माहिती. रोज इस्त्री करणाऱ्या बाईलाच हे सुचणार. हाताला चटका तिलाच बसत होता.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. वडील शाळामास्तर. पितळी तांब्यात निखारे भरायचे, पक्कडीने काठ धरायचा आणि तांब्या सदऱ्यावरून फिरवायचा. धोतर गादीखाली. साहेब तपासणीला येणार असले की आदल्या रात्री गादीवर कुणी कूस बदलायची नाही, असा वडिलांचा हुकूम.

चिंचगूळ
सुलभाताई, हुकूम वाचून खूप हसले. आमच्याकडे गादीखाली एका वेळी तिघांच्या पँटी असायच्या आणि सकाळी कुणाची घडी चुकली यावरून भांडण.

फ्यूजगेला
क्रमांक ५ बद्दल लिहितो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. तिला प्लगमध्ये घालू नका. गंमत म्हणून, एकदाच, असंही नको.

ओळख आधी. हो, ग्रामोफोनवालेच. हिज मास्टर्स व्हॉइसने इंग्लंडात १९३० च्या दशकात घरगुती विजेची उपकरणंही केली. ही इस्त्री ख्रिश्चन बारमन यांनी आखलेली. तेच लंडनच्या वाहतूक खात्याच्या प्रसिद्धीचं कामही बघायचे. तोवर इस्त्री म्हणजे लोखंडी तळ आणि त्याला स्क्रूने ठोकलेली मूठ. इथे मूठ आणि अंग एकाच ओघात आहे. चिनी मातीच्या अंगाला तडा किंवा टवका आहे का ते उजेडात तिरकी धरून बघा, आणि काहीही झालं तरी वरून दुसरी वस्तू ठेवू नका.

आता धोका. त्या काळच्या इस्त्रीत विजेने तापणारी नायक्रोम या मिश्रधातूची पट्टी अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळलेली असते. अभ्रक उष्णता सोसतं आणि वीज अडवतं, म्हणून ते. पण वर्षानुवर्षं दमट हवेत राहून त्याचे पापुद्रे सुटतात. एक पापुद्रा सरकला की पट्टी अंगाला टेकते आणि धातूच्या सगळ्या भागात वीज उतरते. जुनी दोन पिनांची असेल तर अर्थिंगही नाही. आणि ती जाड कापडी वायर! इस्त्रीच्या जुन्या वायरींत सुताच्या आत अॅस्बेस्टॉसचं वेष्टण असायचं, काही इस्त्र्यांत एलिमेंटवरही त्याचा थर असायचा. वायर उसवलेली असेल तर कात्रीने कापत बसू नका, झटकू नका. किंचित ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही.

अवांतर, पण जुन्या विजेच्या इस्त्र्या जमवणाऱ्यांसाठी: पाटीवर 'फक्त एसी' लिहिलेलं असेल तर आत थर्मोस्टॅट, म्हणजे इस्त्री तापली की आपोआप वीज तोडणारा स्विच, असायची दाट शक्यता. एसी प्रवाह सेकंदात कितीतरी वेळा शून्यावर येतो, त्यामुळे थर्मोस्टॅट उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसीवर ती विझत नाही, संपर्कबिंदू जळतात. साध्या, थर्मोस्टॅट नसलेल्या इस्त्रीला दोन्ही चालतं. पाटी वाचली की आत काय आहे ते झाकण न उघडता कळतं.

आणि भारतीय इस्त्री असेल तर आयएसआय चिन्ह बघा. ती मानक संस्था १९४७ ची, म्हणजे चिन्ह असलेली इस्त्री त्याआधीची नाहीच. चिन्हासोबत आयएस ३६६ लिहिलेलं असतं, हा विजेच्या इस्त्रीच्या मानकाचा क्रमांक. त्यापुढचं वर्ष मानकाच्या आवृत्तीचं असतं. विकणारे तेच उत्पादनाचं वर्ष म्हणून सांगतात, ते धरू नका.

मेणवलीकर
फ्यूजगेला, बरं झालं सांगितलंत. भाचा प्लग शोधतच होता. वायर पिशवीत बंद केली.

धातुशास्त्री
तोच इशारा क्रमांक ४ ला. निळी इस्त्री अमेरिकेतल्या कोलमन कंपनीची दिसतेय, विचिटा, कॅन्सस. कंदील-स्टोव्हवाले कोलमन. पाटीवर '४ ए' वाचता येतं का? मागचा गोळा म्हणजे इंधनाची टाकी. पांढरं पेट्रोल भरायचं, हवा भरून दाब द्यायचा, नळी तापली की पेट्रोलची वाफ होऊन आत ज्योत पेटते आणि तळ तापतो. चूल नको, वीज नको, राख नाही. अमेरिकेच्या खेड्यांत वीज पोचायच्या आधी हिला फार मागणी होती.

पेट्रोलची ज्योत हातात धरून सुती कापडावर फिरवायची, हा विचारच करा. वॉशर आता सुकून दगड झालेले असतील. पेटवायची नाही. टाकीत जुनं इंधन नाही ना, टोपी उघडून मोकळ्या हवेत तपासा.

अमेरिकन वस्तू वाईत कशी, असं वाटेल. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरपासून सातारा-वाईपर्यंत पसरलं होतं. एखाद्या मिशनरी कुटुंबाच्या सामानातून ती पणजोबांकडे आली असेल. मिसेस पॉट्सच्या इस्त्रीचाही तोच रस्ता असू शकतो. आजीच्या पिढीतल्या कुणाला विचारा, एखादं नाव निघेल.

मेणवलीकर
'४ ए' आहे! आणि आजीची धाकटी बहीण मेणवलीला आहे, तिला या आठवड्यात भेटतो.

चिंचगूळ
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग सगळे विसरले. घासायचं की नाही? माझं मत: पितळ आहे, घासा. चिंच लावा, राखेने घासा, सोन्यासारखं करा. आपल्या घरात पितळ काळं ठेवत नाहीत. काळं पितळ म्हणजे घरात कुणी नाही असं वाटतं.

तांबटआळी
भांडं रोज घासा. ही वस्तू नको. चिंचेचं आंबट पितळावर फार वेळ राहिलं तर वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर डाग पडतात, ते पुन्हा जात नाहीत. आणि तुम्ही घासून नेमकं काय काढणार? बिजागरीतली राख, तळावरच्या रेघा, कोंबड्याभोवतीचा काळेपणा. मघाशी आपण जुनेपणा ज्या खुणांवरून ठरवला त्याच. कोमट पाणी, मऊ ब्रश, थोडा साबण, लगेच कोरडं करणं. बाहेरून पातळ मेणाचा हात. बस.

चिंचगूळ
मग दिवाळीत ती देवघराशेजारी कशी ठेवायची? घरातली वस्तू घरासारखी दिसावी. संग्रहालयात ठेवायची तर तुमचं बरोबर. माझ्या सासूबाईंची इस्त्री मी दर सणाला घासते आणि तीत झेंडूची फुलं ठेवते. ती त्यांच्या हातात कायम लखलखीत असायची, मी ती काळी ठेवली तर त्यांना आवडलं नसतं.

रसिका_मालवण
दोघांचं पटतंय मला. सासूबाईंच्या इस्त्रीला घासणं हीच तिची रीत आहे, ती चालू ठेवा. पण माळ्यावरून निघालेल्या, जिची गोष्ट अजून अर्धीच कळलीय अशा वस्तूला आधी हात लावू नये. गोष्ट पुरी कळली की मग ठरवा.

तांबटआळी
हे मान्य. फक्त आधी आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा.

बिडाच्या दोघींना गंज आहे. हलका असेल तर बारीक स्टीलवूल आणि शिलाई मशीनचं तेल पुरे.

फ्यूजगेला
जाड गंजाला विजेची पद्धत चांगली, आणि इथे शोभेल अशी, कारण लागतो धुण्याचाच सोडा. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, त्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा. बारा व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. ऋण टोक इस्त्रीला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. गंज सैल होऊन ब्रशने निघतो, खालचं बीड शाबूत राहतं, उठावाची अक्षरं बोथट होत नाहीत. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार उतरतात. खोली बंद नको, हायड्रोजन सुटतो. बाहेर काढल्यावर लगेच सुकवून तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते. हे फक्त बिडाला. पितळ, एनॅमल, लाकूड यांना बादली दाखवू नका.

कार्डिफकर
धागा आज पाहिला. इकडे वेल्समध्ये राहते. क्रमांक ६ मी ओळखते!

मेणवलीकर, आत बघा. बाहेरच्या घंटेच्या आत दुसरा, भोकं असलेला शंकू आहे का? असेल तर ती कपडे धुवायची वस्तू आहे. इकडे तिला पॉसर म्हणतात. वर झाडूसारखा लांब लाकडी दांडा असायचा, तुमच्याकडे त्याचा तुकडा उरलाय. उभ्या पिंपात गरम साबणपाणी आणि कपडे घालायचे आणि ही वरखाली दाबायची. दाबताना आत अडकलेली हवा पाणी भोकांतून कपड्यांत जोरात ढकलते, उचलताना ओढून घेते. कापडावर घासणी न होता मळ सुटतो. शेजारच्या आजींच्या शेडमध्ये त्यांच्या आईची आहे, तिला दांडाही आहे. त्या म्हणाल्या, सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस, आणि संध्याकाळपर्यंत खांदे भरून यायचे.

आपलं धोपटणं कापड दगडावर ठेवून बडवतं, कारण आपल्याकडे नदी आहे, ऊन आहे, सुती कापड आहे. इथे घरात, बंद पिंपात, उकळत्या पाण्यात काम. म्हणून असली वस्तू. पाचगणीच्या बंगल्यात कुणा मडमेने ती आणली असणार आणि धोब्याने बाजूला ठेवून दिली असणार, असं मला वाटतं!

मेणवलीकर
कार्डिफकर, साष्टांग नमस्कार! आत भोकांचा शंकू आहे. कडेला बोट घातलं तर दोन पत्र्यांमधली पोकळी लागते. फोटो टाकलाय. पेटीत का होती तेही कळलं: सगळी पेटीच धुण्या-इस्त्रीची होती.

भंगारप्रेमी
घंटा वाजली शेवटी.

चिंचगूळ
मुदीचा साचा मागे घेते. घटोत्कच उपाशी.

कार्डिफकर
त्याच विषयात थोडं. माझ्या घरापासून जवळच मर्थर टिडफिल. तिथे हूवरचा धुलाई यंत्रांचा कारखाना १९४८ मध्ये सुरू झाला आणि २००९ पर्यंत तिथे यंत्रं बनली. पहिलं यंत्र छोटं, चौकोनी. कपडे घुसळणारी चकती टाकीच्या बाजूच्या भिंतीत, आणि कपडे पिळायला हाताने फिरवायचे दोन रबरी रूळ. पॉसरवाल्या बायकांच्या मुलींनी ते घेतलं. याच गावातल्या मजुरांच्या घरांची एक ओळ उचलून कार्डिफजवळच्या सेंट फेगन्सच्या खुल्या संग्रहालयात नेली आहे. सहा घरं, १८०५ पासून १९८५ पर्यंत प्रत्येक वेगळ्या काळातलं. इकडे आलात तर बघाच. एका ओळीत चालत गेलं की बाईचं काम कसकसं बदललं ते दिसतं.

सुलभाताई_दापोली
आपल्याकडे असं व्हायला हवं. आपण तलवारी, दिवे, अडकित्ते जपले. केळकर संग्रहालयात स्वयंपाकघरातली भांडी बघायला मी अजून जाते. पण धुण्याचं सामान कुणी जपत नाही. धोपटणं मोडलं की चुलीत. निळीची वाटी, खळीचं पातेलं, कपडे उकळायचा डबा, कुठे आहेत? हे काम बायकांचं आणि परीटघाटावरच्या माणसांचं, म्हणून ते कुणी मांडून ठेवलं नाही. मेणवलीकर, म्हणून सांगते, वस्तू ठेवाच, पण प्रत्येकीला चिठ्ठी बांधा: कुणाची, कुठून आली, कोण वापरायचं. चिठ्ठी नसेल तर पुढच्या पिढीला ते नुसतं पितळ.

मेणवलीकर
आजीच्या बहिणीकडे जाऊन आलो. कोंबड्याच्या इस्त्रीचा उलगडा झाला. ती लिलावातली नाहीच. वाईच्या बाजारपेठेत एक परीट होता, त्याने म्हातारपणी धंदा बंद केला तेव्हा पणजोबांनी सुतारकामाचे पैसे न घेता इस्त्री घेतली. अंगठ्याचा खळगा त्याचा. त्याच्याकडे ती कुठून आली, ते तिला माहीत नाही. कोंबड्याची पिसं नखाला स्पष्ट लागतात आणि चोचीखाली धार आहे, म्हणजे साच्यावरून काढलेली प्रत वाटत नाही, धातुशास्त्री. निळी इस्त्री मिशनच्या एका मडमेची, नाव तिला आठवलं नाही. घरात ती कुणीच पेटवली नाही, आजी तिला घाबरायची.

मिसेस पॉट्सची मूठ मिळाली नाही. बहुतेक चुलीत गेली. भावाने सगळं वाचलं. पॉसर तो घेऊन जातोय.

भंगारप्रेमी
भाऊ पॉसर घेऊन जातोय? धाग्याचं सार्थक.

रसिका_मालवण
परटाचं नावही लिहून ठेवा हं, आजीच्या बहिणीला आठवत असेल तर. चिठ्ठीत 'वाईचा परीट' एवढंच नको.

मेणवलीकर
नाव आठवलं तिला. लिहिलंय. इथे देत नाही, त्यांचे नातू गावात आहेत, आधी त्यांना इस्त्री दाखवतो.

शेवगाठी
वाचनमात्र होते, आता राहवत नाही. आमच्या वांद्र्याच्या इमारतीत तळमजल्याच्या बंद खोलीत पांढरं पत्र्याचं चौकोनी यंत्र आहे, आत दोन रबरी रूळ घडी करून ठेवल्यासारखे. सोसायटी पुढच्या आठवड्यात खोली साफ करणार आहे. कार्डिफकर म्हणतात तेच असेल का? वेगळा धागा काढू?

कार्डिफकर
काढा, लगेच काढा, आणि सोसायटीला आजच थांबवा! टाकीच्या बाजूच्या भिंतीत चकती आहे का, मागची पाटी, रुळांच्या टोकाची अक्षरं, हे तीन फोटो आधी टाका. रूळ ओढून बाहेर काढू नका, जुनं रबर चिकटलेलं असतं, फाटेल.

फ्यूजगेला
आणि वायर भिंतीतून काढलेली आहे का बघा, बाकीचं नंतर.